फळीला बळ मिळेल, फुफ्फुसाचे काय?

घरात नवे कपाट किंवा स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बसवून सुतार गेला, की पुढचे काही आठवडे एक वास रेंगाळत राहतो. कपाटाचे दार उघडले की तो नाकात शिरतो, डोळ्यांना किंचित झोंबतो. बहुतेक घरांत त्याला ‘नव्या फर्निचरचा वास’ म्हणतात आणि त्या म्हणण्यात थोडे कौतुकही असते. वैद्यकीय महाविद्यालयात पहिले वर्ष काढलेल्या कोणालाही मात्र तो वास वेगळ्या जागेची आठवण करून देतो. शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदन कक्षात पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतून पाणी येते ते भीतीने कमी आणि फॉर्मेलिनने जास्त. मृतदेह टिकवणारे फॉर्मेलिन आणि प्लायवूडचे थर चिकटवणारी राळ या दोन्हींच्या मुळाशी एकच वायू आहे, फॉर्माल्डिहाइड.

हे आठवण्याचे कारण म्हणजे शेतकचऱ्याविषयी सध्या होत असलेली चर्चा. भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, कपाशीची पऱ्हाटी, नारळाची करवंटी अशा टाकाऊ मालाचे पीठ किंवा तंतू राळेत मिसळले, तर प्लायवूड आणि तत्सम थरांच्या फळ्या अधिक मजबूत होतात, असे प्रयोग जगभर चालू आहेत. शेतात जळणारा कचरा कामी येईल, झाडे वाचतील, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, अशी ही त्रिसूत्री ऐकायला उत्तम आहे, आणि बऱ्याच अंशी खरीही आहे. पण या हिशेबात एक रकाना सहसा रिकामा राहतो. फळीचे बळ वाढले, तर ते वाढलेले बळ खर्च कशासाठी करायचे? फळी स्वस्त करण्यासाठी, की तिच्यातले विष कमी करण्यासाठी? आरोग्याच्या दृष्टीने या विषयातला कळीचा प्रश्न हाच आहे.

पापुद्रे आणि राळ

प्लायवूड म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची चळत. ओंडका यंत्रावर फिरवत, पेन्सिलीला टोक करताना साल निघते तसा त्याचा सलग पापुद्रा सोलून काढतात. हे पापुद्रे एक उभा, एक आडवा असे रचतात, मध्ये राळ लावतात आणि तापलेल्या दाबयंत्रात दाबतात. लाकूड धाग्याच्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने कमकुवत असते. थर उलटसुलट रचल्याने ही उणीव भरून निघते. मग फळी निकामी होते कुठे? बहुतेक वेळा दोन थरांच्या मधल्या जोडात. सोलताना पापुद्र्याला बारीक चिरा पडतात, पातळ राळ त्या चिरांमध्ये मुरून जाते आणि जोडावर हवी तितकी उरतच नाही.

त्यावरचा उपाय जुना आहे. राळेत मैदा, करवंटीचे बारीक पीठ किंवा अक्रोडाच्या कवचाचे पीठ मिसळायचे. हा भराव चिरा बुजवतो आणि राळ जोडाच्या रेषेत धरून ठेवतो. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवले, तेव्हा नुसती राळ ठिसूळ ठरत होती. तिला टणकपणा आला तो लाकडाचे पीठ मिसळल्यावर. गावाकडे मातीची भिंत लिंपताना चिखलात भुसा किंवा गवताचे तुकडे घालतात, त्यामागचे तत्त्व हेच. तडा जाऊ लागला की धागा दोन्ही कडा धरून ठेवतो.

आज प्रयोग याच वाटेने पुढे गेले आहेत. पेंढा, काड, केळीचे खुंट यांतले तंतू वेगळे काढून थरांच्या मध्ये घालतात. काही ठिकाणी त्यांतून डोळ्याला न दिसणारे सूक्ष्म सेल्युलोजचे धागे काढून राळेत अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात. जोडाची ताकद वाढते. मर्यादाही आहेत. भराव जास्त झाला तर राळ पुरत नाही आणि जोड उलट कच्चा राहतो. गहू-भाताच्या काडावर मेणचट थर असतो आणि भाताच्या काडात सिलिकाही भरपूर असते. त्यामुळे नेहमीची राळ त्यावर नीट बसत नाही. प्रमाण, बारीकपणा आणि ओल हे तिन्ही जमले तरच फायदा.

विष कमी केले की जोड कच्चा

आता राळेकडे वळू. घरातल्या सामान्य फर्निचरमध्ये जास्त करून युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ असते. ती स्वस्त आहे, पटकन घट्ट होते, रंग सोडत नाही. तिचा दोष असा की उष्णता आणि दमटपणा मिळाला की ती हळूहळू सुटू लागते आणि फॉर्माल्डिहाइड हवेत सोडते. हे पहिल्या काही महिन्यांत सर्वात जास्त होते, पण पुढेही चालू राहते. पावसाळ्यातली मुंबई किंवा कोकण ही या प्रक्रियेला अगदी पोषक हवा. पाण्याला टिकणाऱ्या, ७२ तास उकळूनही न सुटणाऱ्या मरीन प्लायवूडमध्ये फिनॉलची राळ असते. ती बरीच स्थिर असते, पण महाग पडते.

युरियाच्या राळेतले फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण कमी करता येते. कारखान्यांना हे ठाऊक आहे. अडचण एवढीच, की ते प्रमाण कमी केले की जोड कच्चा होतो. विष आणि बळ एकाच दोरीला बांधलेले आहेत. शेतकचऱ्याचे खरे मोल इथे आहे. तंतूंनी जोडाला जे बळ मिळते, तेवढे बळ फॉर्माल्डिहाइड कमी केल्याने गेले तरी चालते. शिवाय झाडांच्या साली, चिंचोक्याची टरफले अशा मालात टॅनिन असते. ते मोकळ्या फॉर्माल्डिहाइडला पकडून ठेवते. म्हणजे तीच फळी, तितकीच मजबूत, पण घरातल्या हवेला कमी त्रासदायक, असे घडू शकते.

घडेलच असे मात्र नाही. कारखानदारापुढे दुसरी वाट मोकळी आहे. भरावाने मिळालेल्या बळावर राळ कमी वापरायची, हलके लाकूड घालायचे आणि फळी स्वस्त विकायची. तिच्यावर हिरव्या पानाचे चित्र छापायलाही हरकत नसते, कारण आत शेतकचरा खरोखरच असतो. नियम काही बोलत नसेल आणि गिऱ्हाईक फक्त भाव विचारत असेल, तर बाजार कोणती वाट धरेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

फॉर्माल्डिहाइडचा बाऊ करण्याचे कारण नाही, पण त्याकडे काणाडोळा करण्याचेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात निश्चित कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हा पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षे जास्त मात्रेत काम करणाऱ्या कामगारांचा आहे. घरातल्या मात्रेत त्रास होतो तो बहुधा डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे असा. दम्याच्या रुग्णाला मात्र तेवढेही पुरते. घरातल्या हवेसाठी संघटनेने घालून दिलेली मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, ३० मिनिटांची सरासरी, इतकी आहे. आपल्याकडच्या लहान फ्लॅटमध्ये खिडक्या बंद, एसी चालू आणि भिंतभर नवे वॉर्डरोब असतात. त्या खोलीत ही मर्यादा पाळली जाते का, हे मोजायला कोणी जात नाही. सरकारी दवाखान्यात येणारा खोकला ‘हवा बदलली’ या नावाने नोंदला जातो. घरात नवे फर्निचर आले का, हा प्रश्न केसपेपरवर क्वचितच येतो.

लुईझियानाचे धडे

या सगळ्या गोष्टी एकाच प्रदेशात एकामागून एक घडून गेल्या आहेत. अमेरिकेतले लुईझियाना हे उसाचे राज्य. १९२० च्या दशकात तिथे सेलोटेक्स कंपनीने चिपाडापासून भिंती-छताच्या फळ्या बनवायला सुरुवात केली. टाकाऊ चिपाडाचे सोने झाले म्हणून त्याचे कौतुकही झाले. चिपाडाच्या गंजी कारखान्यांबाहेर उभ्या राहू लागल्या.

१९४१ मध्ये जेमिसन आणि हॉपकिन्स या डॉक्टरांनी न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या आजाराचे वर्णन केले. चिपाड हाताळणाऱ्या कामगाराला ताप, खोकला आणि धाप. हाच बगॅसोसिस. ताजे चिपाड हा आजार देत नाही. साठवलेल्या, आतून तापलेल्या, बुरसट चिपाडात उष्णता आवडणारे सूक्ष्मजीव वाढतात. गंजी फोडताना त्यांचे बीजाणू धुळीबरोबर छातीत जातात आणि फुफ्फुसात ॲलर्जीची सूज येते. काम केल्यावर काही तासांनी ताप चढतो, सुट्टी घेतली की उतरतो, पुन्हा कामावर गेले की पुन्हा चढतो. हे वर्षानुवर्षे चालले तर फुफ्फुस कायमचे निबर होते. भारतात हा आजार प्रथम नोंदवला गेला तो १९५५ मध्ये, कोलकात्याजवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे परीक्षेसाठी पाठ केलेले असते. उपायही पाठ असतात. चिपाडातली ओल २० टक्क्यांच्या वर ठेवा, दोन टक्के प्रोपिऑनिक आम्ल फवारा, धूळ जागीच ओढून घ्या, कामगारांची नियमित तपासणी करा. लुईझियानाच्या कागद कारखान्यात चिपाड हाताळण्याची पद्धत बदलल्यावर हा आजार जवळपास नाहीसा झाला. म्हणजे हा टाळता येणारा आजार आहे.

पुढचा धडा राळेचा. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. बेघर झालेल्या एक लाखाहून अधिक कुटुंबांना सरकारने चाकांवरची तात्पुरती घरे दिली. घाईत बांधलेल्या या घरांच्या भिंती आणि कपाटे प्लायवूड व पार्टिकल बोर्डची होती. लोक डोळ्यांच्या, श्वासाच्या तक्रारी करू लागले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या सुरुवातीला ५१९ घरांतली हवा तपासली. फॉर्माल्डिहाइडची सरासरी पातळी अब्जात ७७ भाग निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा याच मापात साधारण ८० भाग होते. म्हणजे हिवाळ्यातही सरासरीच मर्यादेला टेकलेली होती. एका घरात तर ती ५९० पर्यंत गेली. उन्हाळ्यात आणखी वाढणार हे उघड होते. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकेने लाकडी फळ्यांतून किती फॉर्माल्डिहाइड सुटू शकते यावर देशभर कायद्याने मर्यादा घातली. युरोपीय संघाचीही फर्निचरसाठीची नवी, अधिक कडक मर्यादा ऑगस्ट २०२६ पासूनची आहे.

एका राज्याने टाकाऊ मालापासून फळी केली, त्या मालाने कामगाराला आजारी पाडले आणि पुढे फळीतल्या राळेने घरच्यांना त्रास दिला. तिन्ही गोष्टी शिकायला तिथे ऐंशीहून अधिक वर्षे लागली. महाराष्ट्राला त्या आयत्या मिळाल्या आहेत.

पऱ्हाटी, चिपाड आणि काजू

महाराष्ट्रात कच्च्या मालाची वाण नाही. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो ओले चिपाड निघते. त्यातले बरेचसे कारखान्याच्या बॉयलरमध्ये आणि सहवीजनिर्मितीत जाते, त्यामुळे फळीसाठी ते सहज हाती लागेल असे नाही. पऱ्हाटीची गोष्ट वेगळी. देशात दरवर्षी अंदाजे तीन कोटी टन पऱ्हाटी निघते असे मानले जाते, आणि विदर्भ-मराठवाडा-खानदेशात ती एक तर चुलीत जाते किंवा बांधावर पेटवली जाते. पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर गेली, तर गुलाबी बोंडअळीचे चक्र तुटायला मदत होते, हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. मुंबईत माटुंग्याला असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र विकसित केले, नागपूरला त्याचा प्रायोगिक प्रकल्पही उभारला. ज्ञानाची अडचण नाही. अडचण गोळा करण्याची आहे. पऱ्हाटी वजनाने हलकी आणि आकाराने मोठी. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि कारखाना बारमाही. म्हणजे साठवण आलीच. आणि साठवण आली की आग आणि बुरशी हे दोन पाहुणे येतात.

तरीही हे व्हावे. पऱ्हाटी उपटणारी बाई आणि चुलीत ती जाळणारी बाई बहुधा एकच असते. आयुष्यभर चुलीच्या धुराजवळ बसलेल्या, कधी विडी न ओढलेल्या बायका दमा आणि सीओपीडी घेऊन सरकारी रुग्णालयात येतात. पऱ्हाटीला भाव मिळाला आणि त्या पैशात सिलिंडर भरला गेला, तर तो फायदा फळीच्या मजबुतीपेक्षा मोठा आहे. पण पऱ्हाटी गेली आणि सिलिंडर आला नाही, तर चुलीसाठी तीच बाई आणखी लांब जाऊन लाकूड आणेल. योजना आखणाऱ्यांनी हा दुवा आधी जोडायला हवा.

राळेला पर्यायही जवळच आहेत. कोकणात काजूच्या टरफलाच्या काळ्या, झोंबऱ्या तेलाने होड्या आणि लाकूड राखण्याची रीत जुनी आहे. त्या तेलातला कार्डेनॉल फिनॉलच्या जागी काही प्रमाणात वापरता येतो. मात्र याच तेलाने काजू सोलणाऱ्या बायकांचे हात पोळतात, काळे पडतात, हे विसरून चालणार नाही. लाकडातच असलेले लिग्निन हा दुसरा पर्याय. तिसरा सोयाबीनचा. ओरेगॉन राज्य विद्यापीठातले कैचांग ली यांनी खडकाला घट्ट चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या प्रथिनांवरून कल्पना घेऊन सोयाच्या पिठापासून प्लायवूडचा डिंक तयार केला. तो २००५ च्या सुमारास अमेरिकेत प्रत्यक्ष उत्पादनात उतरला आणि २००७ मध्ये त्याला तिथला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सोयाबीनची पेंड लातूरच्या बाजारात ढिगाने असते.

पर्याय निवडतानाही डोळे उघडे हवेत. पेंढ्याच्या फळ्यांसाठी फॉर्माल्डिहाइड नसलेली आयसोसायनेट राळ वापरतात. तयार फळीतून ती जवळपास काहीच सोडत नाही, म्हणून घरासाठी ती चांगली. कारखान्यात ती फवारणाऱ्या कामगाराला मात्र तिच्यामुळे दमा होऊ शकतो, आणि एकदा झाला की अगदी थोडी मात्राही पुढे सहन होत नाही. त्यात फळी कापणाऱ्या सुताराच्या नाकात जाणारी लाकडाची धूळही धरा; तीही कर्करोगकारकांच्या पहिल्याच गटात आहे. गिऱ्हाइकाचे फुफ्फुस वाचवून कामगाराचे गमावणे याला हरित म्हणता येणार नाही.

काय मागायचे?

पहिली गोष्ट संशोधकांसाठी. शेतकचऱ्याने जोडाची ताकद इतके टक्के वाढली, असे सांगणाऱ्या प्रत्येक प्रयोगात त्याच फळीतून किती फॉर्माल्डिहाइड सुटले हाही आकडा शेजारीच असला पाहिजे. ताकदीची चाचणी होते तशी हवेचीही व्हावी. दुसरी गोष्ट कारखान्यांसाठी. पऱ्हाटी किंवा चिपाड साठवणाऱ्या प्रत्येक जागी ओल, धूळ आणि कामगारांची छाती यांची तपासणी परवान्याच्या अटीत हवी. तालुक्याच्या डॉक्टरने खोकल्याच्या रुग्णाला ‘काम काय करता?’ एवढे विचारले, तरी कितीतरी चुकीचे टीबीचे उपचार टळतील.

तिसरी गोष्ट सरकारसाठी. केंद्राने २०२३ मध्ये प्लायवूड आणि लाकडी फळ्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले, हे योग्य पाऊल आहे. पण नियम दुकानापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. खरेदीचा आदेश लगेच पोहोचतो. शाळा, अंगणवाड्या, वसतिगृहे आणि रुग्णालये यांच्यासाठी दरवर्षी प्रचंड फर्निचर घेतले जाते. त्या निविदेत ‘शेतकचऱ्याचा वापर’ आणि ‘कमी उत्सर्जनाची राळ’ या दोन्ही अटी एकत्र घातल्या, तर बाजार आपोआप योग्य वाटेला लागेल. नवजात बाळांच्या कक्षात बसवलेले कपाट सर्वात स्वस्त निविदेचे असावे, यात काटकसर नाही.

आणि शेवटची गोष्ट घरातल्यांसाठी. फळी घेताना जाडी आणि भाव विचारतो, तसा उत्सर्जनाचा वर्ग कोणता हेही विचारावे. ई-झिरो किंवा ई-वन हे शब्द आता दुकानदाराला माहीत असतात. उघड्या कडांना आणि कपाटाच्या मागच्या बाजूला पट्टी किंवा लेप लावून घ्यावा, कारण वायू तिथूनच जास्त सुटतो. पहिले काही आठवडे खिडक्या आणि कपाटाची दारे उघडी ठेवावीत. बाळंतीण, तान्हे बाळ किंवा दम्याचा रुग्ण यांना लगेच नव्या खोलीत हलवू नये.

शेतकचऱ्यात बळ आहे, यात शंका नाही. ते बळ भाव पाडण्यात संपले, तर शेतकऱ्याच्या घामातून तयार झालेली फळी दुसऱ्याच्या घरात खोकला घेऊन जाईल. तेच बळ राळेतले विष कमी करण्यात लागले, तर पऱ्हाटी उपटणारी बाई, गंजी फोडणारा कामगार आणि नव्या कपाटाशेजारी झोपलेले मूल, तिघांचाही श्वास थोडा मोकळा होईल. पुढच्या वेळी फळीवर हिरवे पान छापलेले दिसले, तर आत कोणता कचरा आहे यापेक्षा कोणती राळ आहे, हे विचारायला विसरू नये.